पुरेशी अनिश्चितता

आमच्या ऑफिसात सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकेतलं वाक्य मंजूर झालं की ते लगेच खरं होतं. म्हणून लिहिणारा एक आणि तपासणारा दुसरा, असा नियम आहे. श्रीकर लिहितो, मी तपासते. शब्दांच्या बाबतीत मी फार किरकिरी आहे, आणि श्रीकरला ते आवडतं असं मी धरून चालले आहे.

या वेळी त्याने गुप्त किल्ल्या, म्हणजे माहिती कुलुपात ठेवणारे लांबलचक आकडे, बनवणाऱ्या फंक्शनबद्दल, प्रोग्रॅमच्या एका तुकड्याबद्दल, लिहिलं होतं, 'किल्लीसाठी लागणारी अनिश्चितता भोवतालातून घेतली जाते.' किल्ली कुणाला ओळखता येऊ नये म्हणून काहीतरी बेभरवशाचं कुठून तरी आणावंच लागतं. वाक्य मला गोड वाटलं, मी मंजूर केलं. भोवतालात श्रीकरही बसतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आमच्या टेबलाच्या खणात किल्ल्या पडू लागल्या. पितळी, कोमट. पहिल्या किल्लीबरोबर श्रीकरचं भलत्या वेळी शिंकणं गेलं. दुसरीबरोबर बेसूर गुणगुणणं.

"आज डब्यात काय?" मी त्याला विचारलं.

"पोहे."

"आणि काल?"

"पोहे. छान होते."

हा माणूस शिकरणीबरोबर ठेचा खायचा.

तपासणारीला काटछाट करायची, एखादा शब्द बदलायची मुभा असते, म्हणून मी ते भोवतालाचं वाक्यच काढून टाकलं. मग त्याखालची ओळ तेवढी उरली, 'पुरेशी अनिश्चितता मिळेपर्यंत थांबावे.' माझ्याखेरीज सगळा मजला थांबला. पाणी पिणाऱ्या कर्णिकबाईंच्या घशात घोट तसाच राहिला. मी घाईघाईने बदल मागे घेतला. मग 'भोवताला'च्या जागी 'समोरच्या चौकातली रहदारी' असं घातलं. रिक्षा एकामागे एक, शहाण्यासारख्या उभ्या राहू लागल्या. दुपारपर्यंत चौकात बेभरवशाचं काही उरलं नाही, आणि फंक्शन सवयीने श्रीकरकडे परतलं.

त्याच्याकडे बेभरवशाचं असं आता फक्त हसणं उरलं होतं. ते विनोदावर कधीच येत नाही. मागाहून, लिफ्टपाशी येतं. त्या हसण्यासाठी मी ही नोकरी धरून आहे.

मी माझं नाव घालून नवं वाक्य लिहिलं, 'अनिश्चितता अनुजाकडून घेतली जाते.' या वेळी सबंध वाक्य लिहिणारी मी होते, म्हणून तपासायला त्याच्याकडे पाठवलं. तो सगळ्याला हो म्हणायला लागला होता, त्यामुळे मला काळजी नव्हती.

"मंजूर कर," मी म्हटलं.

"तुझं काय जाईल?"

"माहीत नाही. किरकिर जाईल."

श्रीकरने कीबोर्ड पुढे ओढला. मग त्याने माझं नाव खोडलं आणि वाक्य माझ्याकडे परत पाठवलं. 'अनिश्चितता दोघांकडून, थोडी थोडी घेतली जाते.'

"थोडी थोडी म्हणजे किती?" मी विचारलं. "हे नेमकं नाही."

"नसू दे की."

माझे डोळे भरून आले. असं अघळपघळ वाक्य मी आयुष्यात कधी सोडलं नव्हतं. मी मंजूर केलं.

खणात किल्ली पडली. श्रीकर हसायला लागला, मधेच थांबला, आणि उरलेलं हसू माझ्या तोंडून बाहेर आलं.