बानूबाईचा पाट

"ती पाटावर बसणार असंल, तर आमी उठतो. आत्ताच सांगा बाई."

प्रेमाबाईंनी पदर खोचला. त्यांच्या मागोमाग आणखी चार-पाच आया उठल्या. नळदुर्गजवळच्या त्या शाळेच्या अंगणात पाटांची रांग मांडली होती, प्रत्येक पाटापुढं एक परात. आज मुलं आईचे पाय धुणार होती. राजेश्वरीबाईंनी वर्गात सांगताना मात्र 'आई' म्हटलं नव्हतं. "जे माणूस तुम्हाला वाढवतं, त्याला आणा," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

शिवरंजनीनं बानूबाईला आणलं होतं.

बानूबाई देवीची जोगती. जन्म मुलाचा, पण गळ्यात कवड्यांची माळ पडल्यापासून लुगड्यातच वावरलेली. शेजारीण बाळंतपणात गेली, तेव्हा तिची तान्ही पोर बानूबाईनं पदरात घेतली. तीच ही शिवरंजनी. आता ती भरलेला तांब्या छातीशी धरून उभी होती, आणि बानूबाई फाटकाबाहेरच, चपला हातात घेऊन.

"ऱ्हाऊ द्या बाई," बानूबाई म्हणाली. "पोरीचं हसं नगं. म्या जाते."

"थांबा." राजेश्वरीबाई मधे आल्या. प्रेमाबाई शाळा समितीच्या अध्यक्ष. त्यांचं बिनसलं तर उद्या निम्मा वर्ग रिकामा राहील. बाई मुलांकडं वळल्या.

"बानूमावशी तुमच्या घरी येतात का रे?"

"व्हय! मंगळवारी, परडी घिऊन," प्रेमाबाईंचीच राजनंदिनी ओरडली. "आई पाया पडती त्यांच्या. कपाळाला भंडारा लावून घेती."

"नंदे, गप!"

"पडतीसच की."

कुणीतरी खुदकन हसलं. प्रेमाबाईंचा चेहरा तापला.

"तवा परडीत देवी असती. आमी देवीच्या पाया पडतो, हिच्या न्हाय. आज कुठं हाय परडी?"

बानूबाईनं मान खाली घातली. परडी ती मुद्दामच घरी ठेवून आली होती. राजेश्वरीबाई उत्तर देणार, तोवर शिवरंजनी पुढं झाली होती.

"आज देवी न्हाईच आली," ती म्हणाली. "आज माझी मावशी आलीय."

तिनं बानूबाईचं मनगट धरलं आणि ओढतच पाटाशी आणून बसवलं. प्रेमाबाई ताडताड निघाल्या, मागं त्या बायका. फाटकाशी त्या वळल्या.

"नंदे, चल!"

राजनंदिनी हलली नाही. आईच्या रिकाम्या पाटापुढं ती तांब्या घेऊन उभीच होती. महामार्गावरून एका ट्रकचा भोंगा लांबत गेला.

"ये गं नंदे," बानूबाई हळूच म्हणाली. "एक पाय तिला, एक तुला. पर आदी आईला इचार."

राजनंदिनीनं फाटकाकडं पाहिलं. प्रेमाबाई हो म्हणाल्या नाहीत. नाहीही म्हणाल्या नाहीत. पोर परातीजवळ उकिडवी बसली.

दोन तांब्यांच्या दोन धारा पडल्या. टाचांच्या भेगांत कित्येक वर्षांचा भंडारा मुरलेला होता. परातीतलं पाणी हळूहळू पिवळं होत गेलं.

ते पिवळं पाणी बघून फाटकात प्रेमाबाईंचा हात सवयीनं कपाळाकडं निघाला, आणि मधेच थांबला.