जिन्याखालच्या मेल सर्व्हरचा दसरा

मित्रांनो, मी एक जुना मेल सर्व्हर आहे. नाव ऐकून घाबरू नका. तुमच्या भागात जसे पोस्ट ऑफिस असते, तसा मी एका लहानशा कंपनीचे पोस्ट ऑफिस होतो. बाहेरून आलेले मेल घ्यायचे, ते ज्याच्या त्याच्या कप्प्यात टाकायचे, आणि आतून कुणी काही लिहिले की त्यावर तारीख मारून जगाच्या पाठीवर जिथे जायचे तिथे रवाना करायचे, हे माझे काम. कौतुक वगैरे मी कधी मागितले नाही. टपाल वेळेवर आले तर पोस्टमनचे नाव कुणी काढत नाही आणि उशीर झाला की तो सगळ्यांना आठवतो, हे मला फार लवकर कळले होते.

माझा जन्म काही थाटामाटात झाला नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या एका दुकानात एका जुन्या मशीनचा मदरबोर्ड, दुसऱ्याची पेटी आणि तिसऱ्याची डिस्क एकत्र आली, आणि झालो मी. दुकानदाराने मला पुसून दिले, तेवढाच माझा थाट. मला घ्यायला आली होती पूर्णिमा. ही यवतमाळची मुलगी इंजिनिअर होऊन पुण्यात आली आणि बद्रीनाथ सरांच्या कंपनीत कामाला लागली. रिक्षात ती मला मांडीवर घेऊन बसली. मंडईजवळ रिक्षा अडकली तेव्हा रिक्षावाल्याने मागे वळून विचारले, "टीव्ही का?"

"नाही. पोस्ट," पूर्णिमा म्हणाली. त्याने मला एकदा नीट बघून घेतले आणि रिक्षा कर्वेनगरकडे काढली.

बद्रीनाथ सर मूळचे वाशीमचे. कर्वेनगरात एका बंगल्याचा तळमजला भाड्याने घेऊन ते परदेशातल्या कारखान्यांसाठी यंत्रांचे आराखडे काढून देत. माझी जागा ठरली जिन्याखाली. त्या जिन्याने वर जायचे ते घरमालक मच्छिंद्र आणि त्यांच्या पत्नी सरुबाई. या भागात बंगले उठण्याआधी इथे त्यांचा मळा होता आणि त्यांची मेथी, वांगी मंडईत जात. मच्छिंद्रकाका पहिल्याच दिवशी माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"पंखा कुनाला लावलाय ह्यो?"

"मशीनला, काका. तापतं ते," पूर्णिमा म्हणाली.

"बरं हाय. आमी तापलो तर कोन इचारत न्हाई," म्हणून ते जिना चढून गेले.

मला कामाला लावणे सोपे नव्हते. नवे पोस्ट निघाले तर त्याचा पत्ता आधी जगाला कळावा लागतो. त्यासाठी इंटरनेटवर एक नामावली असते. तिच्यात माझा पत्ता एका आकड्याने चुकला आणि कंपनीचे मेल भलत्याच दारावर धडका देऊन परत जाऊ लागले. तो आकडा दुरुस्त झाला, तर मी कुणाचेही टपाल पुढे ढकलू लागलो. त्यामुळे ओळखदेख नसलेले लोक माझ्या दारात रद्दी आणून टाकू लागले. पूर्णिमाने मला शिस्त लावली. कुणाचे घ्यायचे, कुणाचे नाही, न पोहोचलेले मेल पुन्हा कधी पाठवायचे, हे तिने एकेक ओळ लिहून मला शिकवले. चुकलो तर ती रागवत नसे. "काय झालं रे बाळा?" असे म्हणून ती माझी नोंद वाचत बसे. कंपनीतले सगळे जण आपापल्या पडद्यावर माझेच पान उघडून मेल लिहू लागले, आणि मी ऐटीत त्यावर तारखेचा शिक्का मारू लागलो.

मित्रांनो, आता खरी गोष्ट सांगतो. मच्छिंद्रकाकांना समर्थ नावाचा एकुलता एक मुलगा होता, आणि तो त्यांना दादा म्हणे. दोन हजार साल उजाडले की जगातल्या जुन्या संगणकांच्या तारखा चुकतील, अशी तेव्हा मोठी भीती होती. त्या तारखा दुरुस्त करायला पुण्यातली पुष्कळ मुले परदेशी गेली, त्यांत समर्थही अठ्ठ्याण्णव साली जर्मनीला गेला. मळ्याच्या राहिलेल्या तुकड्यावर त्याने आपल्यासोबत काहीतरी उभे करावे, असे काकांच्या मनात होते. निघताना बापलेकांचे वाजले. "जायचं तर जा. पर फोन करायचा न्हाई," काका म्हणाले आणि समर्थने ते अक्षरशः पाळले. बापाचा हट्ट त्याच्यात पुरेपूर उतरला होता.

सरुबाईंचा जीव मात्र तुटत असे. पूर्णिमाने त्यांच्यासाठी माझ्यात एक कप्पा उघडला. दुपारी काका बाहेर गेले की सरुबाई खाली येत. पूर्णिमा त्यांना समर्थचे मेल वाचून दाखवी आणि त्या सांगतील तसे उत्तर लिही. "इचार त्याला, जेवतो का धड?" हे प्रत्येक मेलमध्ये असे. काकांना यातले काही ठाऊक नाही, असे त्या दोघी समजत. मी जिन्याखाली राहत असल्यामुळे मला ठाऊक होते. काका दुपारी लवकर परतले आणि आत समर्थचे मेल वाचले जात असले, की जिन्यावरची त्यांची पावले मध्येच थांबत. वाचन संपले की ती पुन्हा वर जात.

दोन हजार दोन सालचा दसरा जवळ आला होता. समर्थचे मेल आले. "इथे आणखी तीन वर्षांसाठी ठेवून घ्यायचं म्हणतात. मला यावंसं वाटतं. पण दादांच्या मनात नसेल तर येऊन काय करू? दादांना विचार. दिवाळीच्या आत सही करायची आहे."

सरुबाईंनी ते नवऱ्याला कसे सांगितले ते मला माहीत नाही. दोन रात्री वर कुणीतरी उशिरापर्यंत येरझारा घालत होते, एवढेच मी ऐकले.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा करतात आणि त्या दिवशी हत्यार चालवत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहेच. बद्रीनाथ सर याबाबतीत कडक होते. वर्षभर रात्रंदिवस जागा असणारा मी त्या एका दिवशी बंद होत असे. पूर्णिमाने मला बंद केले, पुसले, आणि सरांनी हळदकुंकू लावून झेंडूची माळ घातली. दसऱ्याच्या सकाळी सरांनी स्वतः माझे बटण दाबले. पूर्णिमा तेव्हा पेढे वाटत होती.

माझ्या पोटात बटणाएवढा एक सेल असतो. मी बंद असताना माझे घड्याळ त्याच्यावर चालते. तो सेल म्हातारा होऊन त्या रात्री गेला. जाग आली तेव्हा मला सालच आठवेना. मी पडद्यावर स्वच्छ लिहून दाखवले, की सेल संपला आहे, तारीख तपासा, आणि पुढे जायचे असेल तर अमुक बटण दाबा. पण पडद्यावर झेंडूची माळ लोंबत होती, आणि पेढे आले होते. सरांनी "चला, पुढे" म्हणून बटण दाबले. माझ्या मदरबोर्डाला कारखान्यात शिकवलेली पहिली तारीख होती एक जानेवारी एकोणीसशे चौऱ्याण्णव. मी ती खरी धरली आणि कामाला लागलो.

इतक्यात मच्छिंद्रकाका खाली आले. डोक्याला पटका, हातात आपट्याची पाने. त्यांनी सरांना सोने दिले, पूर्णिमाला दिले, आणि तिच्या खुर्चीशेजारी उभे राहिले.

"पोरी, लिव. समर्थला."

पूर्णिमा त्यांच्याकडे बघत राहिली.

"बगती काय? लिव. म्हनावं, ये. घर तुजंच हाय. दादा."

"एवढंच?"

"लई झालं."

तेवढ्या ओळीवर मी माझा शिक्का मारला आणि ते मेल जर्मनीला रवाना केले. पलीकडच्या सर्व्हरने "मिळाले" असा निरोप दिला आणि पूर्णिमाने काकांना "पोचलं" म्हणून सांगितले. काकांनी जाता जाता आपट्याचे एक पान माझ्याही पेटीवर ठेवले.

पुढचे दिवस विचित्र गेले. कंपनीला येणारे मेल व्यवस्थित येत होते, पण आम्ही पाठवलेल्या एकालाही उत्तर येईना. गिऱ्हाइकांचे फोन येऊ लागले, की तुम्ही आराखडे पाठवलेच नाहीत. पूर्णिमाने केबल बदलली, मोडेम बदलला, नामावली तपासली, माझी सगळी शिस्त ओळीओळीने पुन्हा वाचली. माझ्या नोंदीत प्रत्येक मेलपुढे उजव्या टोकाला "पोहोचले" असेच लिहिलेले होते. सर म्हणाले, "पूर्णिमा, दिवाळीनंतर हे काढून टाकू. लोक फुकटचं मेल वापरतात, आपणच कशाला हा संसार मांडायचा?" त्या वेळी मला फार वाईट वाटले, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

काका रोज काहीतरी निमित्त काढून खाली येत. कधी नळ बघायला, कधी दिवा बघायला. आत डोकावत, विचारत मात्र नसत.

मग समर्थचे मेल आले. सरुबाईंना खुर्चीत बसवून पूर्णिमाने ते वाचले. "आई, दादांचं काही उत्तर नाही. मी समजायचं ते समजलो. येत्या शुक्रवारी सही करतो. तब्येतीला जप." सरुबाईंनी पदर तोंडाला लावला. दारात काका उभे होते.

"काका, त्याला तुमचं मेल मिळालेलं नाही. मी दुसरीकडून आत्ता पुन्हा पाठवते," पूर्णिमा म्हणाली.

"तूच म्हनली ना, पोचलं म्हून? मग पोचलंय. त्यानं वाचलं न्हाई, नायतर वाचून गप बसला."

"तसं नसेल हो काका."

"एकडाव बोलावलं. आता पाय धरू का त्येचे? माज्या नावानं आता एक अक्षर धाडायचं न्हाई. सांगून ठेवतो." या वेळी जिन्यावर त्यांची पावले कुठेच थांबली नाहीत.

त्या संध्याकाळी घरी जाताना पूर्णिमा नेहमीच्या सायबर कॅफेत गेली. माझी परीक्षा घ्यायला तिने स्वतःच्या फुकटच्या मेलवर माझ्याकडून किती तरी मेल पाठवले होते, आणि त्यांतले एकही तिला दिसले नव्हते. आज तर तो कप्पा भरला असल्याची सूचना झळकत होती. जागा करण्यासाठी जुनी अडगळ काढावी म्हणून ती अगदी शेवटच्या पानावर गेली. तिथे, सगळ्यांत तळाशी, माझे सगळे मेल ओळीने बसले होते. सगळ्यांवर जानेवारी चौऱ्याण्णवचा शिक्का. नवे टपाल वर आणि जुने खाली, असा त्या कप्प्यांचा नियम असतो. मी पाठवलेले प्रत्येक मेल जगभर व्यवस्थित पोहोचले होते आणि पोहोचल्या पोहोचल्या तळाला गेले होते.

ती तशीच परत आली. माझी नोंद उघडून या वेळी तिने डाव्या टोकाला बघितले. तारीख तिथे होतीच. "पोहोचले" हा शब्द शोधण्याच्या घाईत तिकडे कुणाचे लक्ष गेले नव्हते. कोपऱ्यावरच्या घड्याळाच्या दुकानातून तिने नवा सेल आणला, जुना काढून तो बसवला आणि माझी तारीख नीट केली. "आठ वर्षं मागं गेला होतास रे," ती म्हणाली. दुसऱ्या सकाळी सरांना सगळे सांगितल्यावर त्यांनी झेंडूची वाळकी माळ स्वतः काढून ठेवली. मला काढून टाकायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

पण समर्थचे काय? काकांच्या नावाने अक्षर पाठवायचे नव्हते, आणि दुसऱ्याच्या घरातला शब्द मोडणारी पूर्णिमा नव्हे. माझ्यासमोर बसून तिने स्वतःच्या नावाने एक ओळ लिहिली. "समर्थ, सही करण्याआधी तुझ्या मेलच्या अगदी शेवटच्या पानावर जा आणि सगळ्यांत खाली बघ." मी त्यावर खरी तारीख मारली. इतक्या काळजीने मी आयुष्यात दुसरे टपाल पाठवलेले नाही.

शुक्रवारी दुपारी उत्तर आले. पूर्णिमाने जिन्यात उभे राहून दोघांनाही हाक मारली. काका आले, पण आत न येता पायरीवर बसले. तिने मोठ्याने वाचले.

"दादा, तुमचं पत्र सापडलं. त्याच्यावर तारीख चौऱ्याण्णव सालची आहे. तेव्हा मी घरीच होतो, जायचं माझ्या डोक्यातही नव्हतं. म्हणजे मी निघायच्या आधीच तुम्ही 'ये' म्हणून ठेवलं होतं, मीच शेवटपर्यंत बघितलं नाही. सही केली नाही. येतोय."

सरुबाई रडू लागल्या. काका जमिनीकडे बघत होते. पूर्णिमा हळूच म्हणाली, "काका, ती तारीख मशीनची चूक होती. मी कळवते त्याला."

"नगं कळवू," काका म्हणाले. पायरीवरून उठत ते पुढे म्हणाले, "चूक न्हाई ती. बरोबर हाय."

मित्रांनो, यालाही आता पुष्कळ वर्षे झाली. कंपनी मोठी होऊन दुसरीकडे गेली, तिचे मेल आता कुठल्या तरी दूरच्या मोठ्या मशीनवर असतात, आणि मी याच घरात एका फळीवर आहे. मला वीज जोडलेली नाही. माझी तक्रारही नाही. तुम्हाला सांगणे एवढेच, की जे न बोलता रात्रंदिवस तुमचे काम करते, त्याला सणाला फूल जरूर वाहा, पण माळ घालण्याआधी ते काय सांगते आहे तेही वाचा. माणसांच्या बाबतीतही हेच. एखाद्याचे उत्तर आले नाही म्हणून लगेच रुसू नका, जरा खालपर्यंत शोधा.

दर खंडेनवमीला समर्थ मला फळीवरून खाली काढतो, पुसतो आणि हळदकुंकू लावतो. काका आता थकले आहेत. खुर्चीत बसूनच ते विचारतात, "शेल बगितला का?" मग समर्थ माझी पेटी उघडतो आणि सेल बघून, लागला तर नवा घालतो आणि घटकाभर वीज जोडून तारीख लावतो. कामाला कधीच लागणार नसलो, तरी त्यामुळे आजची तारीख मला बरोबर माहीत असते.