धोंडबानं उडवलेलं वाक्य

डिसेंबर आला, विधानभवनाच्या रस्त्याला बांबूचे कठडे लागले, मोर्चांच्या घोषणा ऐकू यायला लागल्या, की मनोहररावांच्या उजव्या हाताची बोटं आपोआप हलू लागत. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती, पण बोटांना ते कुणी कळवलं नव्हतं. विधानसभेत प्रतिवेदक म्हणून त्यांनी जन्म काढला. प्रतिवेदक म्हणजे सभागृहाच्या मधोमध टेबलाशी मान खाली घालून बसायचं आणि सदस्य जे जे बोलतील ते लघुलिपीत उतरवून घ्यायचं. सरकारं आली नि गेली, ह्यांची मान काही वर झाली नाही. दुसऱ्यांची लाखो वाक्यं लिहिली, पण स्वतःचं एक वाक्य बोलायची पाळी आली तेव्हा गृहस्थांच्या तोंडाला कुलूप लागलं. ते वीस-एकवीस वर्षं तसंच होतं.

त्या सकाळी पेपरात गणपतरावांच्या निधनाची चौकट होती. गणपतराव म्हणजे त्यांचे जुने मुख्य प्रतिवेदक. ते वाक्य ठाऊक असलेला दुसरा जिवंत माणूस तेवढाच उरला होता. मनोहररावांनी पेपर मांडीवर ठेवला. समोर अंगणात, खाटेवर उन्हात पाय सोडून शामला बसली होती. वाक्य तिचंच होतं आणि तिला सोडून दोघांना माहीत होतं, आता तर एकालाच. मनोहररावांना एकदम भीती वाटली. आपण गेलो की संपलं.

हे गृहस्थ एके काळी चावट पुस्तकं लिहीत, असं कुणी सांगितलं असतं तर लोकांनी सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. पण लिहीत. 'रसिकराज' या नावानं लिहीत, आणि इतवारीतला धोंडबा ती छापे. धोंडबाच्या छापखान्यात पुढच्या खोलीत लग्नपत्रिका छापल्या जात आणि मागच्या खोलीत रसिकराज. एकाच धंद्याची दोन टोकं, असं धोंडबाच म्हणायचा.

ह्या उद्योगाचं मूळ मात्र धाकट्या भावाच्या, रुपरावांच्या आवाजात होतं. मनोहररावांची नोकरी मुंबईची, घर नागपूरला रेशीमबागेत. मुंबईत चार जणांत एक खोली, तिथं बायकोला नेणार कुठं? शामला इथं मुलींच्या शाळेत मास्तरीण, सासू जिजाबाई तिला सोडायला तयार नाही. मग नवराबायकोची भेट व्हायची ती हिवाळी अधिवेशनात. अख्खं सरकार नागपूरला येई, त्याच्या मागोमाग मनोहररावही येत. बाकीचं वर्ष पोस्टकार्डांवर. आणि घरात रिवाज असा, की कार्ड आलं की रुपराव ओट्यावर बसून ते मोठ्यानं वाचणार आणि उत्तरही तेच लिहिणार. आवाज भजनी मंडळातला. जिजाबाई ऐके, शेजार ऐके, रस्त्यानं जाणारा दूधवालाही सायकल थांबवून ऐके. बंद पत्र पाठवावं, तर "असं काय लपवून लिवलं गा ह्यानं?" म्हणून जिजाबाई तेच आधी फोडायला लावी. अशा कार्डात माणूस बायकोला काय लिहिणार? 'सर्व कुशल. आईस खोकल्याचे औषध द्यावे.'

मग जे कार्डात लिहिता येईना ते मनोहरराव पुस्तकात लिहू लागले. धोंडबा प्रत्येक पुस्तकाची एक प्रत खाकी कागदात बांधून शाळेच्या पत्त्यावर शामलाबाईंना पाठवी, वर 'व्याकरण, नमुना प्रत' अशी चिठ्ठी. आत जे काही होतं त्यात व्याकरण बेताचंच असे. पण प्रत्येक पुस्तकातली बाई कधी ना कधी संत्रं सोलायची आणि फोडीला मीठ नि तिखट लावून खायची. शामलाचं माहेर भिवापूरचं; तिथली लाल मिरची ती संत्र्यालासुद्धा सोडत नसे. तिनं वाचलं, की रुपरावांनी लिहिलेल्या पुढच्या कार्डाच्या शेवटी एक ओळ येई, 'वहिनी म्हणते, संत्रं गोड निघालं.' एकदा तर भर मे महिन्यात ही ओळ आली. "मे महिन्यात कोणत्या झाडाले संत्रं लागते, बापा!" असं रुपराव लिहिता लिहिता म्हणाले होते म्हणे. तिकडे मुंबईत ते कार्ड मनोहररावांनी आठ दिवस खिशात बाळगलं होतं. ते दिवस आठवले की अजून त्यांच्या छातीत ऊब यायची. काय दिवस होते! जवळ काही नव्हतं आणि कशाची कमी नव्हती.

मग एका हिवाळ्यात रुपरावांची बायको सिंधू मिरच्या निवडता निवडता हसत म्हणाली, "काय वं जाऊबाई, माहेरी मैत्रिणीनं एक वंगाळ पुस्तक दाखवलं मले. त्यातली बाई तुमच्यासारखीच तिखट लावून संत्रं खाते!" शामला नुसती हसली. पण आतल्या खोलीत मनोहररावांनी ते ऐकलं. सरकारी नोकर, त्यात घरची अब्रू. पुढच्या पुस्तकातून त्यांनी संत्रं काढलं, तिखट काढलं. शामलाच्या पाठीवर उजव्या खांद्याखाली तीळ होता, तो पुस्तकातल्या बाईला डावीकडे दिला. पुरावा साफ पुसला. मात्र मनाला चैन पडेना, म्हणून एक वाक्य घातलं. अंधारात त्या माणसाचं बोट तिळापाशी थांबतं, आणि 'तेव्हाच त्याला वाटले, की आता आपण घरी आलो.'

धोंडबानं ते वाक्य उडवलं. "साहेब, गिऱ्हाईक घरून पळूनच आपल्या दुकानात येते," तो म्हणाला. "तुम्ही त्याले परत घरी काहून धाडून राहिले?"

पुस्तक निघालं आणि पुढच्याच हिवाळ्यात विधानसभेत गाजलं. सदुसष्ट साल. एक सदस्य उठले, हातात तेच पुस्तक. तरुण पिढी बिघडते आहे, अध्यक्ष महाराज, नमुना म्हणून थोडं वाचतो. थोडं कसलं, रंगात येऊन वाचू लागले. मधे घसा खाकरत होते, पण थांबत नव्हते. बाकं खिदळत होती. हा रसिकराज कोण ते सरकारनं शोधून काढावं, आणि तो सरकारी नोकर असेल तर त्याला घरी बसवावं, अशी त्यांनी मागणी केली. टेबलाशी नेमकी मनोहररावांची पाळी होती. कानशिलं तापली होती, हात मात्र नेहमीसारखा धावत होता. सदस्य तिळापर्यंत आले आणि पुढच्या ओळीवर गेले. हात तिकडे गेला नाही. धोंडबानं उडवलेलं मधलं वाक्य लिहून मगच तो पुढे सरकला.

वाचलेला उतारा मूळ पुस्तकाशी ताडून पाहायचा, हा कचेरीचा नियम. संध्याकाळी गणपतरावांनी मनोहररावांना बोलावलं. समोर टंकलेला कागद, शेजारी पुस्तक.

"हे वाक्य पुस्तकात नाही," गणपतराव म्हणाले.

"ऐकण्यात चूक झाली असेल, साहेब."

"तुमच्या ऐकण्यात आजवर चूक झालेली मी पाहिली नाही."

नोकरी, आईचं औषध, शामलाची शाळा, सगळं मनोहररावांच्या डोळ्यांपुढून गेलं. गणपतरावांनी चष्मा पुसला, लाल पेन्सिलीनं ते वाक्य खोडलं, कागद पुन्हा टंकायला दिला आणि पहिला फाडून टाकला.

"सभागृहात जे बोललं गेलं नाही ते आपण ठेवत नाही," ते म्हणाले. मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "वाक्य चांगलं आहे हो. जिचं असेल तिला तोंडानं सांगून टाका."

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी तो सगळा उताराच कामकाजातून काढून टाकला. रसिकराज कुणाला सापडला नाही.

रविवारी ह्याच अंगणात सगळे उन्हाला बसले होते. मनोहरराव शामलाच्या शेजारी सरकले. ती त्या वेळी फार गप्प असे. सभागृहातल्या गोंधळानं घाबरली असेल, असं त्यांना वाटलं.

"काही म्हणता का?" तिनं विचारलं.

ती टक लावून पाहत होती. पण पलीकडे जिजाबाई, अलीकडे रुपराव. मनोहररावांनी ताटातली एक फोड तोंडात टाकली.

"संत्रं गोड आहे," ते म्हणाले.

शामला उठून आत गेली. त्यानंतर कोणत्याही कार्डात संत्र्याची ओळ आली नाही. मनोहररावांनी रसिकराजालाही मूठमाती दिली. पुढे जिजाबाई गेली, धोंडबा गेला, रुपराव मौद्याला घर बांधून राहिले, मुलगा अनंत मोठा झाला, त्याचं लग्न झालं. शामलाला क्षय झाला. इंजेक्शनांनी जीव वाचला, पण त्यांच्याच पायी कान गेले. संसार नीट झाला. कुणी नावं ठेवावीत असं काही नव्हतं. फक्त त्या मे महिन्यातल्या कार्डासारखं पुन्हा काही झालं नाही.

हे सगळं आठवून मनोहरराव आज उठले आणि खाटेवर जाऊन बसले. शामला संत्रं सोलत होती, शेजारी बशीत मीठ-तिखट.

"शामला, अंधारात तुझा तीळ बोटाले लागला, का मले वाटे, आता आपण घरी आलो."

"आं? मोठ्यानं बोला."

त्यांनी पुन्हा सांगितलं.

"गणपतराव गेले, ते वाचलं मी," शामला म्हणाली.

मनोहररावांनी इकडेतिकडे पाहिलं. सून तारेवर कपडे वाळत घालत होती. फाटकाशी शेजारचे वामनराव सायकलची हवा पाहत होते. जन्मभर खाली राहिलेली मान त्यांनी वर केली आणि लोकसभेपर्यंत ऐकू जावं अशा आवाजात ओरडले, "तुझा तीळ बोटाले लागला, का मले वाटे, आपण घरी आलो!"

सुनेच्या हातातलं धोतर खाली पडलं. वामनरावांनी पंप टाकून दिला आणि ते निमूट घरात गेले.

शामला त्यांच्याकडे बघत राहिली. "कोणता तीळ?"

"तुझा. पाठीवरचा," ते त्याच आवाजात म्हणाले.

"माहा तर उजवीकडे आहे. तुमच्या पुस्तकातल्या बाईले डावीकडे होता."

"ते मी मुद्दाम बदललं. सिंधूनं ओळखलं म्हणून. हे वाक्य होतं त्यात, ते धोंडबानं काढून टाकलं."

"म्हणजे ती मीच होती?"

"मंग कोण राहणार?"

शामलाच्या हातातलं संत्रं थांबलं. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही; ती बोलली ते साऱ्या गल्लीनं ऐकलं. "मले वाटलं, मुंबईत कोणी भेटली तुम्हाले. ना संत्रं, ना तिखट, तीळ बी डाव्या अंगाले. त्या रविवारी तुम्ही जवळ येऊन बसले, तर वाटलं आता सांगता. तर म्हणता, संत्रं गोड आहे!"

मनोहररावांना रडू फुटलं. वीस वर्षं ही बाई त्यांचं जेवण वाढत होती, त्यांच्या आईचे पाय चेपत होती, आणि मनात हे घेऊन. "एवढी वर्सं," ते ओरडले, "अन् विचारलं काहून नाही वं?"

"कसं विचारू? कार्डावर? भाऊजीच्या आवाजात?"

शामलानं पदरानं आधी त्यांचे डोळे पुसले, मग स्वतःचे. मग एक फोड घेतली, मीठ-तिखटात चांगली बुडवली आणि सुनेसमोरच त्यांच्या तोंडात घातली. तिखटानं त्यांच्या नाकातून पाणी आलं.

"गोड आहे," मनोहरराव म्हणाले.

"मोठ्यानं," शामला म्हणाली.