नावडता आकडा

भावाला अस्थिमज्जा मी दिली, आणि आता माझ्याच पेशी त्याच्या अंगावर उठल्या आहेत. कातडी भाजल्यासारखी लाल, पोट बिघडलेलं. परक्या घरात गेल्यावर जरा सांभाळून घ्यावं. पण पेशी माझ्या, त्या कशाला सांभाळून घेतात!

त्या हाका मारून आणखी पेशी गोळा करतात. रक्तातल्या या हाकांना सायटोकाइन म्हणतात, आणि इस्पितळाच्या प्रयोगशाळेत त्या मोजायचं काम अकरा वर्षं मीच करते. दिवसभर रोग्यांचं रक्त हाताळणारीला त्याच्या खोलीत प्रवेश नाही. चाळीस दिवस काचेतून बघतेय. त्याच्या कपाळावर एकदा हात ठेवायला जीव नुसता तळमळतो.

"ताई, लहानपणी बाहेरून चिमटे काढायचीस," काचेजवळच्या फोनवर तो म्हणाला, "आता आतून काढतेस."

"आधी बरा हो, मग बघते तुझ्याकडे."

डॉक्टर म्हणाले होते, सोमवारी या हाकांचा आकडा उतरला तर नवं औषध लागू पडलं. नाही तर अवघड आहे. सोमवारी आकडा चढलेला निघाला. मला पटेना. पुन्हा मोजला, तेवढाच. माझाच हात चुकला असेल म्हणून तिसऱ्यांदा मोजला, आणि रक्ताची नळी रिकामी झाली. त्याच रक्तातून औषधाचं प्रमाणही बघायचं होतं, हे मी साफ विसरले.

"आवडला नाही म्हणून आकडा बदलतो का गं?" आमच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई कडाडल्या. "आता त्याला पुन्हा सुई!"

त्या सोललेल्या हातावर शीर शोधायला सिस्टरला किती वेळ लागतो, मला ठाऊक होतं. त्याला फोन लावला.

"माझ्यामुळे पुन्हा टोचणार आहेत तुला."

"तुझं नेहमीचंच. आकडा काय म्हणतो?"

"चढलाय. तिन्ही वेळा."

"मग चौथ्यांदा मोजू नकोस, ताई."

एरवी रक्त आमच्याकडे बर्फाच्या डब्यातून येतं. आज घाई होती, म्हणून सिस्टरनं नळी खिडकीतून थेट माझ्या हातात दिली. हातमोज्यातूनही कळलं, ती गरम होती. लहानपणी तापात त्याचं कपाळ असंच लागायचं.

"यंत्रात लाव लवकर," बाई म्हणाल्या.

"हो बाई," मी म्हटलं, पण मूठ उघडवेना.