निळ्या रांगेतले ससे

ज्या दिवशी शेडवर सगळं छान निघालं, नेमक्या त्याच दिवशी सरलाबाईंच्या डोक्यात गोंधळाला सुरुवात झाली. चोवीस पिल्लं होती आणि चोवीसच्या चोवीस जिवंत. अंगानं भरलेली, कान ताठ, डोळे लख्ख. आणि वजनकाट्यापाशी बसलेली अपर्णा मात्र घरातलं कुणी गेल्यासारखा चेहरा करून वहीकडे बघत होती.

शेड कडोदरा गावाच्या पलीकडे, लूमच्या कारखान्यांच्या मागच्या अंगाला. मालक अशोकराव बँकेतून निवृत्त झालेले. निवृत्त माणसाला स्वस्थ बसवत नाही, त्यांनी ससे पाळले. अपर्णा त्यांची मुलगी, जनावरांची डॉक्टर होऊन पुढचं शिकणारी. सशांचं खाणं, पाणी, झाडलोट सगळं सरलाबाईंकडे. त्या मूळच्या पारोळ्याकडच्या, राहायला शहरात, पर्वत पाटिया भागात. वीस वर्षं साड्यांचे धागे कापून डोळ्यांनी दगा दिला, तेव्हा या कामाला लागल्या. ससा मोठा असतो, चष्म्याशिवाय दिसतो.

अपर्णाचा एक प्रयोग चालला होता. आईचं दूध सुटलं की सशांची पिल्लं पटापट मरतात. पोट बिघडतं आणि दोन दिवसांत खेळ आटोपतो. शेवग्याचा पाला, ओवा आणि कसलंसं खमीर यांची पावडर खाण्यात घातली, तर पिल्लं जोमानं वाढतात का आणि आजाराला पुरून उरतात का, हे तिला बघायचं होतं. म्हणून बारा पिंजऱ्यांना लाल पट्टी, बारांना निळी. रोजची एक पुडी. ती लाल रांगेच्या खाण्यात मिसळायची, निळ्या रांगेला नुसतं खाणं. असे सहा आठवडे.

सहा आठवड्यांनी लाल रांगेचं सरासरी वजन भरलं एक किलो आठशे चाळीस. निळीचं एक किलो आठशे पस्तीस. रक्ताचा रिपोर्टही दोन्हीकडे सारखाच.

"काहीच फरक नाही," अपर्णा म्हणाली. "कॉलेजातले सर म्हणाले, पावडरीचा उपयोग नाही असं लिहून टाक आणि मोकळी हो."

"चला, एक कटकट गेली," अशोकराव म्हणाले. "सोमवारी तीस पिल्लं आईपासून वेगळी करायचीत. त्यांना आपलं साधंच खाणं देऊ."

सरलाबाई हातात झाडू घेऊन उभ्याच राहिल्या. उपयोग नाही? मागच्या थंडीत चोवीसातली अकरा गेली होती. त्यांनीच ती पोत्यात घालून मागे बाभळीखाली पुरली होती. या खेपेला एक नाही. मग पावडरीनं काही केलं नाही, तर केलं कुणी? देवानं म्हणावं, तर देव मागच्या थंडीत काय रजेवर होता?

आता एक गोष्ट सांगायला हवी. सरलाबाईंनी ती कुणालाच सांगितली नव्हती. लपवली होती असं नव्हे, त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. पहिल्याच दिवशी लाल रांगेला पुडी मिसळून त्या वळल्या, तर समोरची निळी रांग जाळीला नाकं लावून उभी. बारा नाकं, सगळी हलणारी. लहानपणी गावच्या लग्नात लाडू वाढणारा मामा सरलाबाईंपर्यंत येऊन पुढे निघून गेला होता, मानाच्या पाहुण्यांकडे. पन्नास वर्षं झाली, लाडू विसरल्या, त्या माणसाची पाठ विसरल्या नाहीत. पंक्तिप्रपंचासारखं पाप नाही, हे कुणी शिकवावं लागत नाही. त्यांनी पुडी अर्धी अर्धी केली आणि दोन्हीकडे वाढली. सहा आठवडे रोज.

त्या दिवशी पर्वत पाटियापर्यंत शेअर रिक्षात बसून त्या हाच हिशोब घालत आल्या. दोघांना दिलं, दोन्ही रांगा जगल्या. हे चांगलं झालं. मग चांगलं झालं ते वाईट कसं? घरी निंबा भाकरी मोडत बसला होता. जन्म लूमच्या खडखडाटात गेलेला माणूस, घरातही आरडल्याशिवाय बोलायचा नाही. बायकोशी काही बोलायचं म्हटलं की अर्धी चाळ आपोआप जमा.

"मन्हं काय चुकनं?" त्यांनी सगळं सांगून विचारलं. "मी दोन्हीस्ले दिधं."

निंबा आधी हसला. मग हात धुऊन म्हणाला की एका भाजीत मीठ आहे आणि एकीत नाही, तर मीठ काय करतं ते खाणाऱ्याला कळतं. तू दोन्ही भाज्यांत टाकलंस. आता दोन्ही सारख्याच लागतात, म्हणून ते लोक म्हणणार, मिठात काही दम नाही.

सरलाबाईंनी त्याचं ताट उचललं आणि तसंच परत खाली ठेवलं. म्हणजे पावडरीला खोटं पाडलं ते त्यांनीच!

सांगावं, तर पोरीचे सहा आठवडे पाण्यात आणि आपलं काम जाणार. न सांगावं, तर सोमवारची तीस पिल्लं साधं खाणार आणि त्यातली दहा-बारा बाभळीखाली जाणार. आणि पुढच्या खेपेला पुन्हा दहा-बारा.

"पोरगीले खरं सांगी टाक," निंबा ओरडला. शेजारच्या मंदानंही भिंतीपलीकडून "हा, सांगी टाक" म्हटलं.

सकाळी त्यांनी सांगितलं. अपर्णा काट्याच्या स्टुलावरून उठली, शेडच्या दारापर्यंत गेली, परत आली.

"मावशी, सहा आठवडे!" तिचा आवाज चिरकला. "मी तुम्हाला दहा वेळा सांगितलं होतं, निळ्यांना नाही म्हणून!"

"सांगितलं होतं ताई. पण का नाही, ते नव्हतं सांगितलं. मला वाटलं, पुडी पुरत नसेल सगळ्यांना."

अपर्णा रडकुंडीला आली होती, त्यातच तिला हसू फुटलं. मग एकदम ती थांबली. "म्हणजे अर्ध्या पुडीवर चोवीसच्या चोवीस जगली? म्हणजे पावडर काम करते, मावशी!"

"तेच म्हणते ना मी! मग सोमवारी तिसांनाही द्या."

"नाही. पंधरांनाच. पुन्हा पहिल्यापासून करायचं."

सरलाबाईंना वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "पण आता आपल्याला माहीत आहे ना?"

"माहीत नाही, मावशी. वाटतंय. वाटलेलं लिहिता येत नाही. कदाचित या वेळी हवाच चांगली होती, कदाचित पिल्लंच दणकट होती. नीट दाखवता आलं, तर किती शेडांवरची पिल्लं वाचतील."

"म्हणजे निळ्या रांगेतली आजारी पडली, तर तुमचं खरं. असंच ना?"

अपर्णा वहीचं नवं पान आखायला लागली. अशोकराव दुसरी बाई बघतो म्हणाले, तिनंच त्यांना गप्प केलं. सरलाबाईंना काम सोडावंसं वाटलं, खरंच वाटलं. पण दुसरी कुणी आली, तर ती निळ्यांचे पिंजरे घासून धुईल की वरवर पाणी मारेल, या विचारानं त्या थांबल्या. एवढंच आपल्या हातात, म्हणून त्यांनी निळे पिंजरे लाल पिंजऱ्यांसारखेच लख्ख ठेवले.

सोमवारी पिल्लं आली. लाल पंधरा, निळी पंधरा. या खेपेला अपर्णानं का ते सगळं समजावून सांगितलं, आणि समजल्यावर सरलाबाईंना ते जास्तच कळेनासं झालं. आधी त्यांना नियम माहीत होता आणि कारण नव्हतं. आता कारण माहीत होतं आणि नियम पटत नव्हता. पुडी अख्खीच्या अख्खी लालमध्ये जात होती आणि त्या निळ्यांकडे न बघता त्यांची भांडी भरत होत्या.

दहाव्या दिवशी निळ्यातलं एक पाठ काढून बसलं. खाईना, पाणी पिईना, नुसते दात खात राहिलं. अपर्णानं औषध पाजलं. दुपारी ते गेलं. दोन दिवसांत आणखी दोन. सरलाबाई तिन्ही वेळा पोतं घेऊन बाभळीकडे गेल्या आणि तिन्ही वेळा स्वतःला शिव्या घालत परतल्या. कशासाठी, ते नीट सांगता येईना. आधी दोन्हीकडे वाढलं म्हणून? की मग खरं सांगितलं म्हणून?

शनिवारी अपर्णा वजनं घेऊन वही मांडीवर ठेवून बसली. लाल पंधराच्या पंधरा. निळी बारा, तीही किरकोळ. तिनं आकडे पुन्हा एकदा पाहिले आणि तिचा चेहरा उजळला, परीक्षेचा निकाल बघणाऱ्या पोरीसारखा. सरलाबाईंनी तो पाहिला.

अपर्णाचंही त्यांच्याकडे लक्ष गेलं. चेहरा तिथेच विझला.

"मावशी, मी आत्ता हसले का?"

"हसलात."

"मला आनंद झाला." तिचे डोळे भरले. "तीन मेली आणि मला आनंद झाला. मी कशी आहे?"

सरलाबाईंना तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि तिचा रागही आला, दोन्ही एकाच वेळी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, लाल पंधराच्या पंधरा पाहून त्यांनाही कुठंतरी बरं वाटलं होतं. पावडर खरी निघाली होती. त्यांनी वाईट होऊ नये म्हणून जे केलं त्यानं वाईट झालं, आणि आता वाईट होतंय त्यातून चांगलं होणार. हे कुणाला विचारावं? निंबाकडे याला मीठ-भाजी नव्हती.

"अजून किती दिवस?"

"चार आठवडे."

त्या उठल्या. लाल रांगेच्या खाण्यात पुडी कालवली, वाढली. मग निळ्या रांगेकडे वळल्या. पहिल्याच पिंजऱ्यातलं पिल्लू पुढे आलं आणि जाळीतून त्यांची बोटं चाटायला लागलं. बोटांना हिरवट भुकटी चिकटलेली होती. क्षणभर त्यांनी हात तसाच ठेवला. मग ओढून घेतला आणि नळापाशी जाऊन साबण लावून धुतला. पुन्हा लावला, नखांतून घासला.

"मावशी, झालं का?" अपर्णानं आतून हाक मारली.

"थांबा ताई," सरलाबाई म्हणाल्या. त्यांनी हात नाकाशी नेला आणि पुन्हा नळाखाली धरला. "अजून ओव्याचा वास येतोय."