मोहरीची पुडी

"फोडणी द्यायला निघालीस व्हय कॉलेजात?"

मी चिमूटभर मोहरी कागदात बांधत होते आणि दारात आत्या उभ्या होत्या. आमच्यात सासूला आत्याच म्हणतात. गावाला त्या कुशाबाई.

"सेमिनार हाय, आत्या. बुद्ध आणि येशू, दोघांचा तुलनात्मक अभ्यास. दहा मिनिटं बोलायचं."

"त्यात मोहरी कशाला?"

"दोघांनी पण मोहरीची गोष्ट सांगितलीय."

"म्हंजी दोघं बी सैपाकघरात शिरलं म्हनायचं." पण आत्या हसल्या नाहीत. "आन् पोरीचं काय?"

खरा प्रश्न तोच होता. स्वरदा आठ महिन्यांची. सेमिनारच्या मागच्या तारखेला ती तापली म्हणून मी गेले नव्हते. आज चुकलं की पेपर राहणार, आणि एकदा पेपर राहिला की एम.ए. राहिलंच. बारामतीची एसटी साडेनऊला. नवरा, अविराज, ऊसतोड चालू म्हणून पहाटेच रानात गेलेला. शेजारच्या सुप्रियाला पोरीसाठी सांगून ठेवलं होतं, तर तिला अचानक बावड्याला माहेरी जावं लागलं.

"तुमी सांभाळा की, आत्या. पाच-सहापर्यंत."

"मला न्हाय जमायचं. तू बस घरी."

आठ महिन्यांत त्यांनी स्वरदाला एकटीनं सांभाळलंच नव्हतं. मी जवळ असले की तेल लावत, न्हाऊ घालत. मी गोठ्याकडे वळले की पोर लगेच माझ्या कडेवर देत. मुलगी झाली म्हणून, असं मी मनात धरून बसले होते. ते ओठांवर आलं, पण गिळलं.

"मी जाणार," मी म्हणाले. "न्हायतर तिला घेऊन जाईन. वर्गात रडली तर रडली."

आत्या उंबऱ्यावर टेकल्या.

"काय हाय ती मोहरीची गोष्ट?"

भाकरी थापता थापता मी सांगितलं. येशू म्हणाले, एवढासा दाणा पेरला तरी त्याचं झाड होतं, पाखरं येऊन बसतात. आणि बुद्धांकडे एक बाई आली, मेलेलं लेकरू कडेवर घेऊन. ह्याला उठवा म्हणाली. ते म्हणाले, मोहरी घेऊन ये. पण ज्या घरात कधी कुणी मेलेलं नाही, त्या घरची.

आत्यांनी ओट्यावरच्या पुडीकडे पाहिलं.

"मग ही चालायची न्हाय. आपल्या घरची."

मी भाकरी तव्यावर टाकली आणि त्यांच्याकडे वळले.

"तिसरी पोरगी हुती मला. नाव नकोशी ठिवल्यालं, फुडं पोरगं व्हावं म्हनून. अकरा महिन्यांची. दुपारची माझ्याजवळच निजली, आन् म्या हात लावला तर गार." त्या नखानं उंबरा खरवडत होत्या. "चांगलं नाव ठिवू म्हनत हुतो तिला. ऱ्हाऊन गेलं."

भाकरी करपली. त्यांनीच उठून ती उतरवली आणि हात पुढे केले.

"आन तिला हिकडं. जा तू. त्या बाईला मोहरी गावली का, ते आल्यावर सांग."

वर्गात मी पुडी सोडून टेबलावर ठेवली आणि बोलले. शेवटी सरांनी विचारलं, "मग दोघांचं सांगणं वेगळं की एकच?"

"सर, एक म्हणतात पेरून बघ, एक म्हणतात मागून बघ. पण दोन्हीसाठी आधी जागचं उठावं लागतं."

सरांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी दाणे पुन्हा पुडीत भरले.

घरी पोचले तेव्हा सहा वाजून गेले होते. गाय हंबरत होती, धार राहिलेली. पडवीत आत्या पाय पसरून बसलेल्या आणि पायांवर स्वरदा झोपलेली. शेजारी ताट झाकलेलं, तसंच.

"जेवला न्हाय तुमी?"

"हात मोकळा नव्हता."

मला तर एक हात मोकळा दिसत होता. जवळ गेले तेव्हा कळलं. त्या हाताचं बोट त्यांनी स्वरदाच्या नाकाखाली धरलं होतं.

"गावली का गं त्या बाईला मोहरी?"

"न्हाय, आत्या."

"हळू बोल," बोट न हलवता त्या म्हणाल्या. "निजलीय ती."