सोमवारची तारीख

दचकू नका, भिंतीवरून मीच बोलतोय. पत्र्याच्या साइट ऑफिसातला पांढरा फळा. खरं सांगायचं तर दचकलेला मीच आहे. सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

माझा जन्म कारखान्यातला. लोखंडी पत्रा, वर गुळगुळीत पांढरा मुलामा आणि चारी कडांना ॲल्युमिनियमची पट्टी. माझ्याबरोबरचे बरेच भाऊ शाळांत गेले. मला वाटलं, आपल्यावरही मुलं चित्रंबित्रं काढतील. कसचं काय! टेम्पोत उभं करून मला आणलं ते थेट बांधकामावर. शाळाच होती, पण अजून बांधायची होती. तिचं सगळं वेळापत्रक माझ्या अंगावर मांडायचं होतं.

ते मांडणारी इंजिनिअर म्हणजे ताई. सगळे तिला ताईच म्हणतात. पहिल्या दिवशी तिने मला ओल्या फडक्याने पुसलं, आठवड्यांचे रकाने आखले आणि प्रत्येक कामासाठी चुंबकाची एकेक पट्टी लावली. झालेलं काम हिरवं, चालू पिवळं, अडकलेलं लाल. कोणतं काम कशानंतर, कोणामुळे कोण खोळंबणार, सगळं एका नजरेत दिसायचं. माणसं सकाळी आधी माझ्याकडे बघायची आणि मग एकमेकांकडे. मी तर नुसता फुगलो होतो.

सेंटरिंगचे मिस्त्री तर माझ्यासमोरून हलायचेच नाहीत. स्लॅब भरण्याआधी त्याखाली साचा आणि टेकू बांधायचे, काँक्रीट पक्कं झालं की ते सोडवायचे, हे त्यांचं काम. ते ताईचे सख्खे मामा. तिचे वडील लवकर गेले, तिला शिकवलं ते मामांनीच. त्यांना स्वतःला वाचता फारसं येत नाही, पण आकडे आणि वार बरोबर कळतात. टोळीतल्या माणसांना माझ्यापुढे उभं करून म्हणायचे, "आमच्या पोरीने लिहिलंय. डोळे मिटून कामाला लागायचं."

आणि साहेब, या कामाचे प्रमुख. माणूस वाईट नाही हो, पण लाल रंगाचं त्यांना वावडं. एकदा पाइप आले नाहीत म्हणून प्लंबरने लाल पट्टी लावली. "मला कारणं नकोत!" म्हणून साहेबांनी त्याला सगळ्यांदेखत असं झापलं की बिचारा आठवडाभर मान वर करेना. त्यानंतर लाल पट्ट्या खोक्यातच राहिल्या. काम अर्धं झालं की हिरवं. सामान निघालं असा नुसता फोन आला, तरी हिरवं. साहेब खूश, "बघा, काम कसं मुठीत आहे!"  पण सगळे फोन माझ्यासमोरच व्हायचे ना! खोटं कुठे लिहिलंय ते मला माहीत होतं, आणि मला तोंड नव्हतं.

मग सभागृहाचा स्लॅब आला. सोमवारी भरायचा ठरला होता. मामांनी टेकू बांधून दिले आणि टोळी घेऊन ते कंपनीच्या दुसऱ्या कामावर गेले. सोमवारी दुपारी काँक्रीटचा पंप बिघडला. अर्धा स्लॅब भरून झाला, अर्धा राहिला. मंगळवारी हेड ऑफिसची माणसं येणार होती.

"हिरवं कर," साहेब म्हणाले.

"अर्धाच झालाय, साहेब."

"अगं, होईल की दोन दिवसांत! उगाच वाद नको."

ताईने हिरवं केलं. त्यावर "सोमवार" लिहिलं, तारीख टाकली आणि काँक्रीट पक्कं व्हायचे चौदा दिवस पुढे मोजून "टेकू काढणे" ही पट्टी लावली. राहिलेला अर्धा भाग गुरुवारी भरला गेला. ताई तारीख बदलायला आली, तर साहेबांनी हात आडवा धरला. "हेड ऑफिसला फोटो गेलाय. आता बदललीस तर आपण तोंडघशी पडू. टेकू काढताना तीन दिवस थांबायचं. लक्षात ठेवू आपण."

लक्षात ठेवू! अहो, लक्षात ठेवायला तर मला भिंतीवर लावलं होतं. ताईने हातातल्या मार्करला टोपण लावलं. "बरं" म्हणाली आणि गेली. मला तिचा राग आला आणि कीवही आली.

चौदावा दिवस उजाडला. काम आठला सुरू होतं, पण मामा साडेसहालाच हजर. वॉचमनने ऑफिस उघडून दिलं. मामा माझ्यासमोर आले, हिरव्या पट्टीवर बोट ठेवलं, सोमवार ते सोमवार बोटांवर मोजलं आणि टोळीला म्हणाले, "चौदा भरले. स्टेजच्या बाजूने सुरू करू."

स्टेजची बाजू म्हणजे गुरुवारची. अकराच दिवसांची! मामा, जाऊ नका, मामा, असं मी आतल्या आत ओरडत होतो. पंपाचं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. सहा माणसं घण खांद्यावर टाकून, हसत, कोणाच्या तरी जावयाची थट्टा करत निघून गेली. माझ्या खिडकीतून फक्त फाटक दिसतं. मग ठोके ऐकू यायला लागले. प्रत्येक ठोक्याला वाटायचं, आता. मला पाय असते तर मी पळून गेलो असतो, खोटं कशाला बोलू?

पावणेआठला ताई आली. पर्स टेबलावर ठेवता ठेवता ती थबकली, ठोके ऐकले, माझ्याकडे बघितलं. तिच्या तोंडचं पाणी पळालं. "मामा!" एवढंच ओरडली आणि धावत सुटली.

ठोके थांबले. मग काहीच ऐकू येईना. तसली शांतता वैऱ्यालाही नको.

बऱ्याच वेळाने मामा आत आले, मागोमाग ताई. नखशिखान्त धूळ. नऊ टेकू काढून झाले होते. दहाव्याला हात घातला तेव्हा वरून करकर ऐकू आली, स्लॅबला लांब चीर गेली. तेवढ्यात ही हाका मारत पोचली. सगळे बाहेर पडले, मग धीर करून टेकू परत लावले. कोणाला खरचटलंही नाही. मामा ओरडले नाहीत. नुसते म्हणाले, "तुझं अक्षर बघून आत गेलो होतो गं."

ताई खाली बसून रडली. मग उठली, खोकं उपसलं, हिरवी पट्टी काढून लाल लावली आणि लिहिलं, "अर्धा स्लॅब गुरुवारी भरला. चूक माझी."

तेवढ्यात साहेब आले. "आधी हे पूस. अकराला हेड ऑफिसचा कॉल आहे."

तिने डस्टर त्यांच्यापुढे धरलं.  "तुम्ही पुसा, साहेब. बाहेर सहा माणसं बसलीत, त्यांच्यादेखत पुसा."

साहेबांनी डस्टर घेतलं. माझ्यापर्यंत आले. तिथेच उभे राहिले. "मला काय ओरडायची हौस आहे का?" अगदी हळू म्हणाले. "मलाही वर रोज उत्तर द्यावं लागतं गं."

"मग खरं उत्तर द्या."

अकरा वाजता त्यांनी दिलं.  हेड ऑफिसने काय ऐकवलं ते मी सांगणार नाही. साहेबांची मान खाली होती.

आता रोज सकाळी साहेब विचारतात, "आज काय अडलंय?" पहिले कितीतरी दिवस सगळे पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. भीती अशी एका दिवसात जात नाही. मग एकदा प्लंबरच पुढे आला आणि माझ्यावर लाल पट्टी लावून दोन पावलं मागे सरकला. साहेबांनी ओठ आवळले, आणि म्हणाले, "बोल, काय पाहिजे?"

आज वरच्या मजल्याचे टेकू निघायचेत. मामा माझ्याकडे आता बघत नाहीत. ताईलाच विचारतात, "स्वतः बघितलंस?" आज तिने मान डोलावली, हेल्मेट घातलं आणि त्यांच्यामागे निघाली.

"ए, तू कुठे? बाहेर थांब."

"तारीख मी लिहिलीय, मामा. मी पण खाली उभी राहणार."

 दोघं गेली.

तुमच्याही कामावर माझ्यासारखा कोणी असेल. त्याच्यावर सगळं हिरवं दिसलं, तर समोरच्या माणसांना एकदा विचारा, खरं लिहायची भीती तर वाटत नाही ना? आता मला बोलवत नाही. ठोके सुरू झालेत. पहिला टेकू निघाला. दुसरा. देवा, माझ्यावर लिहिलेलं खरं असू दे.